चौथे दहा

आमच्या आजोबांनी जमिनीची वाटणी मरेपर्यंत होऊ दिली नाही, प्रार्थनेची मात्र त्यांनी स्वतः करून दिली होती. संध्याकाळी देवळाची घंटा झाली (चर्चला आम्ही भुईगावचे ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतो) की हातातलं काम टाकून सगळ्यांनी ओटीवरच्या फळीपुढे गुडघे टेकायचे. फळीवर मारियामातेची तसबीर, एक क्रूस, तेलाचा दिवा आणि हंगाम असला तर बाजारात न गेलेल्या मोगऱ्याची ओंजळ. रोझरीची माळ पन्नास मण्यांची, दहा-दहाचे पाच भाग. ज्याचे दहा असतील त्याने प्रत्येक मण्याला ‘नमो मरिया’ असं सुरू करून प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा पुरा करायचा. हे दहा आमच्या घरात ठरलेले होते. पहिले बाबांचे, दुसरे बाबांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे नताल आतेचे, तिसरे आयचे, चौथे आजोबांचे आणि पाचवे माझा मोठा भाऊ बोना याचे. आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्याच वर्षी माझी पहिली कम्युनियन, म्हणजे देवळात पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, झाली आणि त्या संध्याकाळी बाबांनी आजोबांची काळ्या लाकडी मण्यांची माळ माझ्या हातात ठेवली. म्हणाले, “सिसू, चौथे आता तुझे.” त्या घरात मला स्वतःचं असं मिळालेलं ते पहिलंच काही होतं.

प्रत्येकाच्या दहांची चाल वेगळी होती. बाबा वाफ्यात पाणी सोडल्यासारखे एका लयीत म्हणत, मध्ये श्वास कधी घेत ते कळत नसे. नताल आते नाकातून, लांबवून, उसासे टाकत म्हणे आणि मधूनच देवाची परवानगी न घेता, “ती कोंबडी कोण कोंडल रे?” असं विचारून पुन्हा त्याच सुरात मारियेकडे वळे. आयचे दहा भराभर होत, कारण तेवढ्यात चुलीवरचा भात उतू जायची वेळ झालेली असे. बोना पाचव्याला अर्धा झोपेत असायचा. आणि मी? मी फार छान म्हणायचे, असं माझं मत होतं. शब्द स्पष्ट, आवाज मोठा. शेजारची कतरीनकाकी कुंपणापलीकडून भांडी घासता घासता माझ्या दहांना उत्तर द्यायची आणि तिचा नवरा जोकीमकाका म्हणायचा, “पास्कूची पोरगी म्हणते तेव्हा मेरीमाता खुर्ची पुढे ओढून बसत असल.” प्रार्थना झाली की मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग जेवण. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं केळफूल, नाहीतर चुलीत भाजलेले सुके बोंबील. त्या बोंबलांचा वास चौथ्या दहापासून यायला लागायचा आणि माझा वेग वाढायचा, हेही कबूल केलं पाहिजे. आमची घरची बोली इथे सगळी उतरवली तर वाचणाऱ्याला अर्धी कळणार नाही, म्हणून तिचा नुसता वास ठेवते आहे.

बाबांचं आणि जोकीमकाकाचं नातं काय होतं ते सांगायचं तर विहिरीपासून सुरुवात करावी लागेल. दोन बागायती वाड्यांच्या मधोमध विहीर होती, अर्धी आमची, अर्धी त्यांची. एक दिवस आमच्या केळींना पाणी, एक दिवस त्यांच्या पानवेलीला. पाण्यावरून भाऊ भावाचं तोंड पाहत नाहीत अशा गावात हे दोघे एकाच विडीचे दोन तुकडे करून ओढायचे. दर मे महिन्यात विहीर उपसून तळातला गाळ काढायचा. त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. पाणी इतकं खाली गेलं होतं की वर ठेवलेल्या डिझेल इंजिनाने ते ओढवेना. तेव्हा दोघांनी मिळून इंजिनच दोरांनी विहिरीत उतरवलं आणि आतल्या दगडी कट्ट्यावर ठेवलं. तेव्हा वसईच्या वाड्यांमधून असं सगळेच करायचे. धूर वर जातो, असंच सगळ्यांना वाटायचं. इंजिन तासभर चाललं, पाणी तळाला लागलं, आणि बाबा फावडं घेऊन गाळात उतरले.

मी केळीच्या पानावर सुकत घातलेली सुकेळी उलटत होते. विहिरीतून बाबांचा आवाज आला, पण शब्द समजले नाहीत, इंजिन धडधडत होतं. जोकीमकाका काठावरच होता. तो वाकला आणि “आलो रे पास्कू!” असं ओरडून पायऱ्यांवरून भराभर खाली गेला. त्याने बाबांच्या काखेखालून दोर बांधला, वर ओढायला सांगितलं. बोना, आय, मी आणि धावत आलेले दोघे-तिघे, आम्ही ओढलं. बाबा वर आले ते निळे पडलेले, पण श्वास होता. दोर सोडून परत खाली टाकेपर्यंत जोकीमकाका गाळात बसलेला होता. भिंतीला टेकून, डोकं खाली, जसा दुपारी वाडीत टेकून बसायचा तसा. वरून आम्ही हाका मारत होतो. कोणीतरी इंजिन बंद केलं, तोंडाला ओला टॉवेल बांधून एक जण उतरला. पण जोकीमकाकाला वर काढून मोगऱ्याच्या वाफ्यात निजवला तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या धुरातला विषारी वायू विहिरीत साचला होता, त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

बाबा चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आले. त्या आठवड्यात आमच्या घरात जो येई तो एकच वाक्य घेऊन येई, “देवाने वाचवला हो पास्कूला.” नताल आते तर येणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी हे सांगे. तिने देवळात उपकाराची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना, सांगितली. कतरीनकाकीकडे नऊ दिवस आमच्याच घरून जेवण जात होतं, डबा न्यायचं काम माझ्याकडे होतं. ती डबा घ्यायची, झाकण उघडून बघायची आणि म्हणायची, “तुझ्या बाबाला बरा वाटते ना गो?” मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे. मिस्सेच्या दिवशी आम्ही सगळे पहिल्या बाकावर. फादरांनी वेदीवरून बाबांचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. दोन बाकं मागे कतरीनकाकी बसली होती, काळ्या साडीत, आणि बाकीच्या लोकांबरोबर तीही आभारांचं उत्तर म्हणत होती. तिचा आवाज मी ओळखत होते. आठ वर्षं कुंपणापलीकडून तो माझ्या प्रार्थनेला उत्तर देत आला होता.  घरी येताना नताल आतेने पुन्हा तेच म्हटलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले आणि म्हटलं, “देवाने नाही वाचवलं. जोकीमकाकाने वाचवलं. देवाने वाचवलं म्हणायचं असेल तर मग त्याला कोणी मारलं तेही सांग.” आतेने आधी आजूबाजूला कोणी ऐकलं का ते बघितलं आणि मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. बाबा दोन पावलं पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं. मागे वळले नाहीत.

त्या संध्याकाळी घंटा झाली. बाबांचे दहा झाले, हळू, दम लागत लागत. आतेचे झाले. आयचे झाले. माझी पाळी आली आणि मी माळ हातात धरून गप्प बसले. ठरवून केलं असं नाही. तोंड उघडलं तर ‘नमो मरिया’च्या पुढचा ‘कृपापूर्णे’ हा शब्द येईना. कुंपणापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता, एवढं ऐकू आलं. आयने मला कोपराने ढोसलं. आतेने खाकरून माझे दहा स्वतःच सुरू केले, “नमो म...”

“थांब, नताल,” बाबा म्हणाले.

“अरे पण पोरीचा...”

“थांब म्हटला ना.”

मग बाबांनी आपल्या माळेचा एक मणी सरकवला, ओठ न हलवता. थोडं थांबले. दुसरा सरकवला. एक ‘नमो मरिया’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ प्रत्येक मण्याला देत त्यांनी दहा मणी मोजले. आम्ही सगळे गुडघ्यांवर. दिव्याची वात तडतडली, आढ्यावर पाल चुकचुकली, लांबवर समुद्र होता तो नेहमीच असतो पण मला त्या दिवशी पहिल्यांदा ओटीवरून ऐकू आला. दहावा मणी झाल्यावर बाबा बोनाला म्हणाले, “चल, पाचवे.” आणि बोनाने, तो कधी नव्हे इतका जागा होता, पाचवे सुरू केले.

मला वाटलं होतं आता मार बसेल. निदान उपाशी राहावं लागेल. जेवताना बाबा एवढंच म्हणाले, “आमटी वाढ तिला.” दुसऱ्या दिवशी घंटेच्या वेळी मी मुद्दाम बाहेर, विहिरीच्या बाजूला जाऊन बसले. बाबा मला शोधत आले. आजारातून उठल्यापासून ते विहिरीकडे फिरकले नव्हते, त्या दिवशी पहिल्यांदा आले, आणि माझ्याकडे बघत, विहिरीकडे न बघता, म्हणाले, “म्हणवत नसल तं म्हणू नको. पण जागेवर येऊन बस. जागा सोडायची नाय.” मी म्हटलं, “न म्हणता बसून काय करू?” ते मग म्हणाले, “आम्ही थांबू तेवढा वेळ.”

आणि ते खरंच थांबले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. रोज. पावसाळा लागला, वाडीत पाणी भरलं, बेडकांनी कान किटवले, तरी रोज संध्याकाळी तीन दहा झाले की आमचं घर गप्प व्हायचं आणि बाबांचा अंगठा दहा मणी मोजायचा. कोणी मला समजावलं नाही. “आज म्हणशील का?” असंही विचारलं नाही. आतेला आतून किती जाळत असेल ते तिच्या उसाशांवरून कळायचं, पण बाबांपुढे तिची टाप नव्हती. सुरुवातीला मला ती तीन-साडेतीन मिनिटं शिक्षा वाटायची. सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. मग एकदा मी डोळे उघडून पाहिलं तर कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. आय चुलीकडे बघत नव्हती, भात उतू जात होता तरी. आते डोळे मिटून. बाबांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता, ते कसलीतरी वाट बघणाऱ्या माणसासारखे दिसत होते. मला रडू आलं. मी देवावर रागावले होते, तो आहे की नाही याचाच भरवसा उरला नव्हता, आणि माझ्या त्या नसण्यासाठी हे चार जण रोज जागा झाडून ठेवत होते.

हे लिहिते आहे ती वसईतल्या एव्हरशाईन सिटीतल्या सहाव्या मजल्यावरून, मुलाच्या घरी. इथून खाली गाड्यांचे हॉर्न, वर कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज. नातीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “आजी, तीन मिनिट्स सायलेन्स? डेली? मला तर ऑकवर्ड झालं असतं.” मलाही झालं होतं, बाळा. पुढे शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं वर्गात उत्तराची वाट बघितली. प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प राहणंसुद्धा किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, केळी लावणारा माणूस. हे त्यांना कोणी शिकवलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. त्या महिन्यात आमची आळी घरात प्रार्थना करत नाही, रस्त्याच्या वळणावर जो दगडी क्रूस आहे त्याच्यापुढे सगळे जमतात आणि रोज एकेक घर प्रार्थना चालवतं. बाबा आळीचे प्रार्थनाप्रमुख होते. कोणी आजारी, कोणी वारलं, कुठे नवीन घराचा पाया, पास्कू माळ घेऊन हजर. त्यामुळे आमच्या घराची पाळी पहिल्या रविवारी असायची, क्रुसाला झेंडूच्या माळा, चुन्याने रंगवलेला चौथरा, आणि पन्नास-साठ माणसं. आदल्या दिवशीपासून आतेने घर डोक्यावर घेतलं. “बोनाला सांग दोन म्हणायला. नायतर मी म्हणते. आळीपुढे शोभा कशाला? उद्या नवीन फादर पण येणार हायेत.” आयसुद्धा पहिल्यांदाच बोलली, “लोक तुम्हाला बोलतील हो.” मी स्वतः बाबांना म्हटलं, “मी तापाने आजारी आहे असं सांगा, मी येत नाही.” बाबा केळीचा घड उतरवत होते. कोयता पुसत म्हणाले, “ताप हाय काय तुला?” मी म्हटलं, “नाही.” “मग चल.”

क्रुसापुढे मी आयच्या शेजारी गुडघे टेकले. मागून कतरीनकाकी आली आणि शेवटच्या ओळीत बसली. नवीन फादर तरुण होते, चष्मा लावणारे, घाईत सायकलवरून आलेले. पहिले दहा झाले. आतेने दुसरे म्हटले. आयने तिसरे कधी नव्हे इतके सावकाश म्हटले, जणू चौथे येऊच नयेत. मग ते आले. शांतता झाली. पाच-सहा क्षण लोकांनी वाट बघितली. मग कोणी खोकलं, कोणी मान वळवून बघितलं. आळीतल्या लोकांना वाटलं, पास्कूने मोजणी चुकवली. एक म्हातारा कुजबुजला, “चौथे राहिले, चौथे.” आणि फादरांनी, मदत म्हणूनच असणार, स्वतःचा मोठा आवाज लावला, “नमो मरिया, कृपापूर्णे...”

बाबांनी हात वर केला. पंजा उघडा, मातीने काळवंडलेला.

“फादर, थांबा. ते दहा माझ्या पोरीचे हायेत.”

फादर गोंधळले. “मग तिने म्हणावेत ना.”

“तिला अजून येत नायत.” बाबांचा आवाज शांत होता, पण मान लाल झाली होती. “आम्ही घरी थांबतो तिच्यासाठी. इथेपण थांबू.”

साठ माणसांपुढे, फादरांना.  आजवर त्या आळीत कोणी फादरांना प्रार्थनेत थांबवलं नव्हतं, आणि ते करणारा होता प्रार्थनाप्रमुख स्वतः. फादर माझ्याकडे बघत राहिले, मग बाबांकडे. ते आतापर्यंत उभे होते. त्यांनी झगा थोडा वर घेतला आणि खडीवर गुडघे टेकले. बाबांनी हात खाली घेतला आणि पहिला मणी सरकवला.

मी ते दहा मणी कधी विसरणार नाही. साठ माणसं, मुलंबाळं, एवढी शांतता मी त्याआधी फक्त कोणाला मातीत उतरवताना ऐकली होती. भरती होती, समुद्राचा आवाज किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून येत होता. झेंडूच्या माळांवर मधमाश्या होत्या. लांब कुठल्यातरी वाडीत इंजिन सुरू होतं, त्याची धडधड ऐकू येत होती, आणि मला कळलं की तो आवाज मी एकटीच ऐकत नाही. सगळ्यांनाच तो ऐकू येत होता, आणि सगळ्यांनाच जोकीमकाका आठवत होता. मे महिन्यापासून आळीने त्याच्याबद्दल ‘देवाची मर्जी’ याच्या पलीकडे चकार शब्द काढला नव्हता. आता कोणी काही म्हणत नव्हतं आणि तो मात्र तिथे होता, क्रुसाच्या आणि आमच्या मध्ये. मागे कोणीतरी हुंदका दिला. कतरीनकाकी होती. पाच महिन्यांत ती लोकांसमोर पहिल्यांदा रडत होती. मला भीती वाटली, आणि भीतीहून मोठं काहीतरी वाटलं. देव आहे की नाही ते मला तेव्हाही कळलं नाही. पण जे काही तिथे होतं त्याच्यापुढे आपण बारीक आहोत, एवढं मला कळलं आणि मी मान खाली घातली.

त्याची किंमत बाबांना द्यावी लागली. आळीच्या जाणत्या माणसांनी पुढच्या वर्षीपासून प्रार्थनाप्रमुख दुसरा नेमला. “पोरीला आवरता येत नाय, तो आळीला काय चालवणार,” असं बोललं गेलं. बाबा ते ऐकून “बरा” म्हणाले आणि केळींना खत घालायला गेले. फादर मात्र आठवड्याने घरी आले, आयने केलेला चहा प्यायले, आणि जाता जाता मला म्हणाले, “त्या दिवशी मी मनातून चिडलो होतो. पाचव्या मण्यापर्यंत चिडलेलोच होतो. मग चिडणं संपलं आणि अजून पाच मणी शिल्लक होते.” एवढंच. उपदेश केला नाही, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

आणि क्रुसापुढच्या त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी, घंटेच्या वेळी, कतरीनकाकी आपली चटई काखेत मारून आमच्या ओटीवर आली. आते तिला बसायला जागा करून द्यायला लागली तर ती माझ्या बाजूला आली. म्हणाली, “मी हिच्या दहात बसते. मना पण म्हणवत नाय गो, मे महिन्यापासून. तोंडाने म्हणते ती नुसती हवा.” देवळात माझ्या दोन बाकं मागे बसून आभार म्हणणारी तीच ही बाई.  त्या दिवसापासून चौथ्या दहाला आम्ही दोघी गप्प बसायला लागलो. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असायचा.

असं कितीतरी महिने चाललं. नाताळ आला, करंज्या झाल्या, उपवासकाळ आला, पुन्हा मे आला. जोकीमकाकाच्या वर्षाच्या मिस्सेच्या संध्याकाळी काकी नेहमीसारखी येऊन बसली, पण तिसऱ्या दहालाच तिचे खांदे हलायला लागले. चौथे आले. बाबांचा अंगठा पहिल्या मण्यावर गेला. काकीने माझा हात धरला आणि तिच्या घशातून नुसता घरघर आवाज आला. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि येत नव्हतं. तेव्हा मी तोंड उघडलं. “नमो मरिया,” मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही, वर्षभर न वापरलेला. माझी शंका कुठे गेली नव्हती. ती माझ्या एका बाजूला होती आणि काकी दुसऱ्या. पण त्या बाईला कोणीतरी शब्द द्यायला हवे होते आणि माझ्याकडे आजोबांचे दहा होते. काकीने उत्तर दिलं. पहिल्या मण्याला हुंदक्यातून, तिसऱ्याला थोडं स्पष्ट, आणि दहाव्याला तिचा तो कुंपणापलीकडचा जुना आवाज होता. नताल आतेने प्रार्थना संपल्यावर माझे गाल दोन्ही हातांनी दाबले. बाबांनी त्या दिवशीही एवढंच म्हटलं, “आमटी वाढ तिला.”

मला वाटायचं, बाबांनी हे सगळं माझ्यासाठी केलं. चाळीस वर्षं असंच वाटत होतं. लग्न होऊन मी उमेळ्याला गेले, तिथल्या वाड्या जाऊन इमारती आल्या, आय गेली, आते गेली, काकी गेली. बाबा मात्र भुईगावलाच बोनाकडे राहिले, पंच्याऐंशी वर्षांचे, खाटेवर. मी आठवड्यातून दोनदा जायचे, आणि घंटा झाली की आम्ही तिघे रोझरी म्हणायचो. पहिले दहा अजून त्यांचेच. एका संध्याकाळी मी दिवा लावला, बोनाने खुर्ची ओढली, आणि बाबांनी सुरुवात केली नाही. मला वाटलं झोप लागली. जवळ गेले तर डोळे उघडे होते.

“सिसू,” ते म्हणाले, “विहिरीत मना शुद्ध होती.”

मी खाटेच्या काठावर बसले.

“पाय हलत नव्हते, पण शुद्ध होती. मी वरडलो. ‘देवा, वाचव’ असा वरडलो. दोनदा.” मध्ये ते थांबले, दम घेतला. “मी देवाला हाक मारली गो. आला जोकीम.”

बोना काही बोलायला गेला, मी त्याला हाताने थांबवलं.

“त्याला सांगायला पाहिजे होता, उतरू नको. तेवढा आवाज होता माझ्यात. नाय सांगितला. जगायचा होता मना.” त्यांचा हात चादरीवर माळ शोधत होता, मी ती त्यांच्या बोटांत दिली. “देवाने ऐकला का जोकीमने, ते मना अजून नाय कळला. रोज विचारतो. तू रस्त्यात बोललीस ना तेव्हा, मिस्सेवरून येताना, तेव्हा माझ्याच पोटातला बोललीस. मना तोंड नव्हता. प्रार्थना चालवायची होती.”

म्हणजे ती माझी एकटीची जागा नव्हती. ते वर्षभर रोज संध्याकाळी माझ्या दहा मण्यांत हा माणूस स्वतः जाऊन बसत होता, दिवसातली तेवढीच तीन मिनिटं, आणि बाकीचे चाळीस मणी घरासाठी म्हणत होता. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. 

“आज माझे दहा रिकामे ठेव,” बाबा म्हणाले.

मी खाली गुडघे टेकले. या वयात ते सोपं नाही, बोनाने हात दिला. आजोबांची काळी माळ काढली आणि पहिला मणी सरकवला. थांबले. दुसरा सरकवला. खिडकीतून मोगऱ्याचा वास येत होता, समुद्र होता, बोनाच्या नातवाची सायकल अंगणात गोल गोल फिरत होती. दहावा मणी झाला. बाबांचे डोळे मिटलेले, श्वास संथ, ओठ तसेच बंद. बोनाने माझ्याकडे बघितलं, पुढचे सुरू करू का म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं आणि बोटं पुन्हा पहिल्या मण्यावर आणली.